मॉरिशसने ऑलिंपिकमध्ये आजवर फक्त एकच पदक का जिंकलं?

तुमचा प्रश्न असा आहे: 'मॉरिशस तसा सुखवस्तू देश, निम्म्याहून जास्त लोक भारतीय वंशाचे, तरी ऑलिंपिकमध्ये आजवर फक्त एकच पदक, तेही कांस्य. असं का?'

आकडा बरोबर आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत प्रत्येक उन्हाळी ऑलिंपिकला मॉरिशसचं पथक गेलं. त्या अकरा ऑलिंपिकमध्ये मिळून एक कांस्यपदक: २००८, बीजिंग, बॉक्सिंग, ५४ किलो वजनी गट, ब्रुनो जुली. माझी हरकत आहे ती तुमच्या 'फक्त' या शब्दाला. ती का, तेच सविस्तर लिहितो.

मी मूळचा चिपळूणचा. २०१६ ते २०२० नोकरीनिमित्त मॉरिशसला होतो. ऑफिस एबेनला आणि राहायला कात्र बोर्न शहरात. घरमालक मराठी वंशाचे. त्यांचे पणजोबा कोकणातून ऊसमळ्यावर मजुरीला आले होते. घरात बोलणं सगळं क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, पण गणपतीत 'सुखकर्ता दुःखहर्ता' पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तोंडपाठ, आणि त्यांच्या मंडळात जाखडी नाचायचे तेव्हा मला क्षणभर आमच्या वाडीत असल्यासारखं वाटायचं. गल्लीतली पोरं त्यांना 'तोंतों' म्हणायची, मी काका म्हणायचो. काकांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. पहिल्या वर्षी मी त्यांना अगदी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला होता. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "नू एना एन." आमच्याकडे एक आहे. एवढं बोलून पुन्हा कामाला लागले. त्या 'आहे'वर त्यांनी दिलेला जोर मी विसरलेलो नाही.

आता त्या एका पदकाकडे जरा जवळून बघा, कारण त्याच्या कहाणीत आपणही आहोत. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत बँटमवेटची, म्हणजे याच ५४ किलो गटाची, अंतिम लढत झाली ती भारताचा अखिल कुमार आणि मॉरिशसचा ब्रुनो जुली यांच्यात. अखिल जिंकला, जुलीला रौप्य मिळालं. दोन वर्षांनी बीजिंगला दोघेही पुन्हा त्याच गटात. अखिलने विश्वविजेत्या सर्गेई वोदोप्यानोवला हरवलं तेव्हा आपल्याकडे काय जल्लोष झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. पण उपांत्यपूर्व फेरीत तो मोल्दोव्हाच्या गोजानकडून हरला. जुलीने मात्र आपली उपांत्यपूर्व लढत व्हेनेझुएलाच्या मान्झानियाविरुद्ध जिंकली. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत नसते, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं. म्हणजे त्या विजयाबरोबर मॉरिशसचं पहिलं ऑलिंपिक पदक नक्की झालं, देश स्वतंत्र झाल्यावर चाळीस वर्षांनी.

उपांत्य लढत २२ ऑगस्टला, शुक्रवारी, क्युबाच्या यांकिएल लिओनशी. तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा वेगळे होते. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. रिंगभोवती पाच पंच, प्रत्येकाच्या हाताशी लाल आणि निळं बटण. एखादा ठोसा लागला की किमान तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं, तरच गुण. त्यामुळे खेळाडूला वाटायचं ठोसा बसला, प्रेक्षकांना वाटायचं बसला, आणि फलकावर काहीच हलायचं नाही. काकांनी त्या दिवशी गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. आत दहा-बाराजण, जुन्या गाड्यांच्या सीटवर बसलेले, समोर छोटा टीव्ही. ते सांगायचे की शेवटच्या फेरीत कोणी ओरडतसुद्धा नव्हतं, सगळे फलकाकडे बघत होते. शेवटी ७-५. आठ मिनिटांच्या लढतीत दोन गुणांनी जुली हरला, आणि तेही बॉक्सिंगच्या पंढरीतून आलेल्या माणसाकडून. लिओन पुढे रौप्य घेऊन गेला. हरल्यावरही गॅरेजमध्ये नाच झाला म्हणे, तो संध्याकाळपर्यंत.

आता आकाराचं बघू. मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा साधारण चौथा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा-तेरा लाख. रत्नागिरी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच सोळा लाखांवर होती. कोणी मला विचारलं की रत्नागिरी जिल्ह्याने आजवर किती ऑलिंपिक पदकं जिंकली, तर मी तो प्रश्न मुळात मनावरच घेणार नाही. पण तोच जिल्हा समुद्रात हजारो मैल लांब नेऊन ठेवला आणि त्याला झेंडा दिला, की लगेच आपण हिशेब मागायला लागतो.

आणि जिल्हा तरी कशाला, सरळ महाराष्ट्राचंच घ्या. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, योगायोगाने तेही बँटमवेटमध्येच. त्यानंतर मराठी खेळाडूचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेचं ५० मीटर रायफलमधलं कांस्य. मधे बहात्तर वर्षं गेली, आणि राज्याची लोकसंख्या अकरा कोटींच्या पुढे. त्या बहात्तर वर्षांत खाशाबांच्या पदकाला आपण कधी 'फक्त एक' म्हटलं का? गोळेश्वरला बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचं स्वागत झालं, ते आपण आजही नातवंडांना सांगतो. मॉरिशसच्या माणसाच्या मनात जुलीचं स्थान नेमकं तसं आहे.

तरीही लोकसंख्येचा भागाकार करून विषय संपवणं मला पटत नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाल, मग ग्रेनाडाचं काय? आणि तुमचं बरोबर असेल. कॅरिबियन समुद्रातल्या, जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रेनाडाच्या किरानी जेम्सने २०१२ ला लंडनमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. दोन लाखांहून कमी वस्तीच्या सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने पॅरिसला १०० मीटर जिंकली, आणि डॉमिनिकाच्या थिया लाफॉन्डने तिहेरी उडी. टोकियोला सॅन मारिनोचे पाच खेळाडू गेले आणि तीन पदकं घेऊन परतले. म्हणजे देश लहान असणं हे अडचणीचं कारण आहे, पण पूर्ण कारण नाही.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. कॅरिबियन बेटांवरच्या वेगवान मुलांना अमेरिकेची दारं उघडी असतात. किरानी जेम्स अलाबामा विद्यापीठात घडला, ज्युलियन आल्फ्रेड टेक्सासमध्ये. शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, ट्रॅक, डॉक्टर आणि दर आठवड्याला तोडीस तोड स्पर्धा, सगळं एका विमान तिकिटावर. हिंदी महासागराच्या मधोमध असलेल्या मॉरिशसला असा शेजार नाही. त्यात तिथल्या घराघरातली महत्त्वाकांक्षा वेगळ्या दिशेला असते. शाळा सुटली की मुलं 'लेसों'ला, म्हणजे खासगी शिकवणीला जातात. आपल्या दहावी-बारावीसारखंच, किंबहुना जास्तच. बारावीला पहिल्या रांगेत येणाऱ्या मुलांना सरकार परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती देतं, त्यांना 'लोरेआ' म्हणतात. निकालाच्या दिवशी अख्ख्या देशाचं लक्ष त्या नावांकडे असतं आणि वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो झळकतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा उंच उडीत चांगला होता. पंधरा वर्षांचा झाल्यावर मैदानाची वेळ आणि लेसोंची वेळ एकच आली. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखाल. त्याच्या आईला दोष देणं मला जमणार नाही, मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, 'निम्म्याहून जास्त लोक भारतीय वंशाचे', त्यावर जरा थांबतो. बेटावर सुमारे दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत हे खरं. पण तिथल्या खेळाकडे वंशाच्या चष्म्यातून बघितलं तर काय होतं, याचा फार कडू अनुभव त्या देशाने घेतला आहे. फुटबॉल हा मॉरिशसचा जीव की प्राण. आणि जुने नामवंत क्लब जातकुळीवरच उभे होते: हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, गोऱ्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा डोडो क्लब, आफ्रिकी वंशाच्या क्रेओल लोकांचा फायर ब्रिगेड. पुढे क्लबांना नावं बदलायला लावली गेली, पण पाठीराखे तेच राहिले. मे १९९९ मध्ये स्काउट्स आणि फायर ब्रिगेडच्या सामन्यानंतर दंगल उसळली आणि राजधानी पोर्ट लुईत 'लामिकाल' नावाच्या इमारतीला आग लावली गेली. सात जण त्यात गेले, लहान मुलंसुद्धा. स्थानिक फुटबॉल बराच काळ बंद ठेवावं लागलं आणि नंतर क्लब प्रदेशांवर बेतून नव्याने उभे केले गेले. ज्या खेळात सगळ्यात जास्त गर्दी होती, पैसा होता, तोच खेळ असा मोडून पडला. काकांनी त्या दिवसानंतर स्टेडियमची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. पूर्वी दर रविवारी जाणारा माणूस!

म्हणून मॉरिशसची खरी कामगिरी बघायची तर ऑलिंपिकपेक्षा हिंदी महासागर बेटांच्या क्रीडा स्पर्धेकडे बघा, असं मी सांगेन. आपल्याकडे या स्पर्धेचं नावही कुणाला माहीत नसतं. १९७९ ला रीयुनियन बेटावर ती सुरू झाली. मॉरिशस, रीयुनियन, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मालदीव, मायोट अशी बेटं त्यात उतरतात. रीयुनियन मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, पण तो फ्रान्सचाच भाग. त्यामुळे मैदानं, प्रशिक्षक, पैसा सगळं फ्रान्सच्या तोलाचं. तिकडे मादागास्करची लोकसंख्या मॉरिशसच्या वीसपट. या दोघांच्या मधे उभं राहायचं म्हणजे काय, ते कल्पना करून बघा. (राजकारण इथेही सुटत नाही. मायोट फ्रान्सकडे आहे, पण कोमोरोस त्यावर आपला हक्क सांगतं. २०१५ मध्ये उद्घाटनाला मायोटचे खेळाडू फ्रान्सच्या झेंड्यामागून चालले, तेव्हा कोमोरोसने सरळ स्पर्धाच सोडली.)

मॉरिशसने ही स्पर्धा १९८५, २००३ आणि २०१९ अशी तीनदा भरवली. १९८५ आणि २००३ ला फुटबॉलचं सुवर्णही जिंकलं. या स्पर्धेत देशाच्या पथकाला 'क्लब मॉरिस' म्हणतात. हे नाव मला फार आवडतं. ज्या देशात क्लब म्हटलं की कुणाचा धर्म कोणता, हा पहिला विचार मनात यायचा, तिथे सगळ्यांचा मिळून एक क्लब.

जुलै २०१९ ची स्पर्धा मी प्रत्यक्ष पाहिली. अॅथलेटिक्स बांबू गावातल्या स्टेडियममध्ये होतं. ऑफिसमधून लवकर निघालो, आणि गंमत म्हणजे काका स्वतःहून म्हणाले, मीपण येतो. वीस वर्षांनी. बाहेर डालपुरीची गाडी होती. तिथे डालपुरी नेहमी जोडीनेच मागतात, 'एन पेर', म्हणजे एक जोडी, आत रस्सा आणि चटणी भरून कागदात गुंडाळलेली. आपल्या पुरणपोळीच्या जवळची, फक्त गोड नाही. ती घेऊन आत बसलो. स्टँड खचाखच भरलेला. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार पट्टे असलेले झेंडे आणि पत्र्याचे डबे बडवणारी पोरं. आमच्या पुढच्या रांगेत हिजाब घातलेल्या दोन मुली, त्यांच्या शेजारी एक चिनी वंशाचे आजोबा, मागे क्रेओल बायकांचा घोळका. बंदूक वाजली आणि रिलेची मुलं सुटली. बॅटन हातातून हातात जायच्या जागी आख्खा स्टँड उभा राहायचा आणि 'आले मॉरिस!' असा एकच आवाज. काका पहिली दहा मिनिटं हाताची घडी घालून बसले होते. तिसऱ्या शर्यतीला बघतो तर ते बाकावर उभे, आणि मागच्या एका अनोळखी बाईने तोल जाऊ नये म्हणून त्यांचा शर्ट धरून ठेवलेला.

त्या वर्षी मॉरिशसने नव्वदहून अधिक सुवर्णं जिंकली आणि पदकतालिकेत पहिलं स्थान घेतलं. घरच्या मैदानाचा फायदा होताच, तो नाकारत नाही. पण साडेबारा लाखांतून इतक्या खेळांत इतके खेळाडू उभे करणं, हे त्या देशाच्या क्रीडाव्यवस्थेचं खरं मोजमाप आहे. एखादा अपवादात्मक माणूस ऑलिंपिक पदक आणू शकतो. अनेक खेळांत मिळून नव्वद सुवर्णं आणायला शाळा, मैदानं, मास्तर आणि पालक लागतात.

आता थोडं राष्ट्रकुल स्पर्धेबद्दल, कारण तिथे त्यांची आणि आपली गाठ पडते. १९९८ ला क्वालालंपूरमध्ये रिचर्ड सुनीने फ्लायवेट बॉक्सिंगचं सुवर्ण जिंकलं. धावपटू स्तेफान बकलंडने २००६ ला मेलबर्नमध्ये २०० मीटरचं रौप्य घेतलं. हाच बकलंड २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या अंतिम फेरीत धावून सहावा आला होता. जगातला सहावा! पण पदकतालिकेत त्याला जागा नाही, म्हणून तुमच्या प्रश्नातही तो नाही.

आणि एक नाव तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिलंय, पण लक्षात राहिलं नसेल: रोइल्या रानाइव्होसोआ, वेटलिफ्टर. २०१८ ला गोल्ड कोस्टला ४८ किलो गटात मीराबाई चानूने दोन्ही प्रकारांत मिळून १९६ किलो उचलून सुवर्ण घेतलं. तिच्या शेजारी रौप्य गळ्यात घालून उभी होती ती रोइल्या, १७० किलो. २०२२ ला बर्मिंगहॅमला गट ४९ किलोचा झाला, पण पोडियमवर पुन्हा त्याच दोघी. मीराबाई २०१ किलो, म्हणजे तिची बरोबरी करणं त्या मंचावर कुणालाच शक्य नव्हतं. खरी लढत रौप्यासाठी होती. रोइल्याचे १७२ किलो आणि कॅनडाच्या हॅना कमिन्स्कीचे १७१. एका किलोचा फरक.

योगायोग बघा, ३० जुलै २०२२ चाच तो दिवस. त्याच दिवशी आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलले होते आणि मलेशियाच्या खेळाडूने २४९. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे वजन आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, कोपर दुखावलेलं असताना संकेतने पुढचा प्रयत्न करायची जिद्द धरली, तो प्रसंग मी पन्नास वेळा पाहिला असेन. एकाच दिवशी एका किलोने सांगलीच्या मुलाचं सुवर्ण हुकलं आणि एका किलोने मॉरिशसच्या मुलीचं रौप्य टिकलं. आपल्याकडच्या वाहिन्यांनी मीराबाई आणि संकेत दाखवले, ते साहजिकच. मी मात्र त्या रात्री काकांना फोन केला. मी भारतात परत आलो होतो, दोन वर्षं झाली होती. ते म्हणाले, "तुमची पोरगी वेगळ्याच जगातली आहे. पण आमची तिच्या शेजारी दोनदा उभी राहिली की नाही?"

तुमच्या प्रश्नात नसलेली एक भर घालतो. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये योवानी फिलिपने ४०० मीटर टी-२० प्रकारात कांस्य जिंकलं. टी-२० म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा गट. आपल्या दीप्ती जीवनजीने त्याच पॅरिसमध्ये याच प्रकारात महिलांचं कांस्य जिंकलं होतं. योवानीचं पदक हे मॉरिशसचं पहिलं पॅरालिंपिक पदक. पण पॅरालिंपिकची तालिका वेगळी असल्यामुळे 'मॉरिशसची ऑलिंपिक पदकं' असं शोधलं की अजूनही एकच दिसतं.

काकांच्या गॅरेजच्या भिंतीवर जुलीचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता, तेलकट बोटांचे डाग पडलेला, कडा पिवळ्या झालेल्या. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने भिंतीचा नवा फोटो पाठवला. रंग दिलाय, कॅलेंडर बदललंय, जुली आहे तिथेच आहे आणि त्याच्या शेजारी योवानीचा फोटो चिकटवलाय, थोडा तिरका.